बारावं मशीन

गुरुवार, २ जून २००५, पुलगाव

गेले एकदाचे ते लोखंडी डबे! बाबांनी चौऱ्याहत्तर साली काढलेल्या टायपिंग इन्स्टिट्यूटची मशीनं आज कबाड्याच्या ठेल्यावर चढली. शाळेत होतो तेव्हापासून ती खटखट ऐकत आलो. आता पुढच्या खोलीत चार संगणक, एक प्रिंटर आणि फोनची लाइन. सायबर कॅफेचा नवा धंदा म्हणून ही नवी वही. रोज लिहीनच असं नाही, पण खरं लिहीन.

मशीनं बारा होती. कबाड्याच्या चिठ्ठीवर अकरा. चिठ्ठी घेऊन मी त्याच्या मागं बाजारापर्यंत गेलो. "बावा, बारा होत्या." तर म्हणतो, "साहब, मैंने ग्यारह उठाई. भाभीजी से पूछ लो." चोर तो चोर, वर शिरजोर! चार लोक जमले तेव्हा परत फिरलो.

घरी कोकिळा पोळ्या लाटत होती. विचारलं. "म्या नाई मोजल्या," म्हणाली, लाटणं काही थांबवलं नाही. पंधरा वर्षं तिनं त्याच मशीनवर पोरींना मराठी टायपिंग शिकवलं. मला वाटलं रडेल, एखाद दिवस जेवणार नाही. तसं काही झालं नाही. जग कुठं चाललंय ते बायकोला कळतंय, बरं वाटलं.

रविवार, ५ जून

वर्ध्याच्या साप्ताहिकात माझं सदर आलं, 'माऊसच्या टोकावर'. आजचा मथळा: 'निळ्या ईला रामराम!' अर्ध्या पानावर छापलाय. फोटो मात्र याही वेळी नाही. संपादक म्हणतात सदराला फोटो लावायची आमच्याकडं पद्धत नाही. भाजीपाल्याच्या दराला जागा आहे, माझ्या तोंडाला नाही.

लेखात सरळ सांगितलं. इंटरनेट पाहायला जी खिडकी लागते तिला ब्राउझर म्हणतात. तुमच्या पडद्यावर जो निळा ई आहे, ती जुनी खिडकी. दर मिनिटाला जाहिराती फटाफट अंगावर येतात. आता नवा कोल्हा आलाय, फायरफॉक्स. एकाच खिडकीत पाच-सहा पानं उघडा, एका ताटात वेगळ्या वाट्या असाव्यात तशी. फुकट आहे. मी नागपूरहून मासिकाची सीडी आणली आणि चारही संगणकांवर कोल्हा बसवला. निळा ई लपवून टाकला, म्हणजे गिऱ्हाईक चुकूनही त्यावर बोट ठेवणार नाही. माणसाला चांगल्याची सवय लावावी लागते, त्याला विचारत बसलं तर तो जन्मभर जुनंच मागतो.

संध्याकाळी स्टेशनवर चहाला गेलो तर तिकीटबाबूनं विचारलं, "काय धनंजयभाऊ, कोल्हा कुठं भेटते?" अंगावर मूठभर मांस चढलं.

गुरुवार, ९ जून

नाचणगावच्या सुमित्राबाईंची हर्षा आली होती. कोकिळाची जुनी विद्यार्थिनी, तिच्यापेक्षा वेगानं मराठी टायपिंग करणारी या गावात दुसरी नाही. आठ वर्षं कचेरीत रोजंदारीवर टाईप करत होती, मार्चमध्ये काढून टाकली. नागपूरच्या एका महामंडळात लिपिक-टंकलेखकाच्या जागा निघाल्यात. अर्ज इंटरनेटवरूनच. वयाची अट तेहतीस. हर्षाला ऑगस्टमध्ये तेहतीस पुरी होतात.

सुमित्राबाई सोबत होत्या. त्या खुर्चीवर बसल्याच नाहीत, संगणकाला हात लागेल म्हणून भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. "भाऊ, माह्या पोरीची हे शेवटची बारी हाये. मंग वयात बसत नाई. तुम्हीच पाहा बाप्पा."

म्हटलं, बिनघोर राहा. अर्ज भरला, नंबर मिळाला. परीक्षा रविवारी १७ जुलैला. आणि जाहिरातीत काय लिहिलंय? टंकलेखन चाचणी संगणकावर! मी मुद्दाम मोठ्यानं आतल्या खोलीकडं वाचून दाखवलं. "ऐकलं का? संगणकावर! मशीनं विकली तं विकली!" आतून कढईचा आवाज आला. भाजीला फोडणी पडली असावी.

हर्षाला रोज दुपारी एक तास संगणक वापरायला सांगितलं, मराठी अक्षरांचं सॉफ्टवेअर टाकून दिलंय. पैसे नकोत म्हटलं.

बुधवार, १५ जून

भारनियमनानं जीव घेतलाय. दुपारी बारा ते चार लाइट नाही. कॅफे म्हणजे आमची शवपेटी. हर्षा येते नेमकी त्याच वेळी, आणि संगणक काळा पाहून मागच्या दारानं कोकिळाकडं जाते. बसतात दोघी गप्पा मारत. परीक्षा महिन्यावर आली, या बाईला गप्पा सुचतात.

मी पुढच्या खोलीत चटई टाकून पडतो तर आतून खटखट, खटखट. काल उठून विचारलं, "काय चाललंय?" कोकिळा म्हणाली, "जवसाची चटणी कुटून राह्यली." आज पुन्हा तेच. एवढी चटणी कुटतात तर पानात का येत नाही, हे मला न उलगडलेलं कोडं आहे. माहेरी पाठवत असेल.

मंगळवार, २८ जून

आज वीज वेळेवर होती म्हणून हर्षानं प्रवेशपत्र छापून घेतलं. महामंडळाचं पान उघडलं तर वर लाल अक्षरांची एक नवी पट्टी. इंग्रजी अक्षरं, पण शब्द एकही नाही. मधेच टक्क्याची खूण, मधेच अर्धविराम. मांजर कीबोर्डवर चालून गेल्यासारखं.

"सर, हे वर लाल काय आलं जी?"

"कचरा आहे," मी सांगितलं. "ज्यानं साइट बनवली त्याले अक्कल नाही. खालची तारीख वाच, सतरा सात दोन हजार पाच. स्वच्छ इंग्रजीत आहे की नाही? झालं तं मग."

"कामाचं नसन नं काई?"

"कामाचं असतं तं वाचता आलं असतं."

तिनं प्रवेशपत्राची घडी घातली. मला त्या पट्टीवरून लेख सुचला. एक ओळ जशीच्या तशी उतरवून घेतली.

रविवार, ३ जुलै

लेख आला. 'सरकारी साइट की भुताची भाषा?' माझ्या सगळ्या लेखांत हा सरस. ती ओळ मी तशीच छापायला लावली:

jfookj ngk tqyS ;a= Lor% vk.kkos

खाली लिहिलं, 'वाचकहो, ही चिनी आहे की मोडी? अर्थ लावणाऱ्यास माझ्यातर्फे चहा. कोल्ह्याचा दोष नाही, कोल्हा प्रामाणिक आहे, घाण असेल तर घाणच दाखवतो. असा लाल कचरा दिसला तर खुशाल दुर्लक्ष करा.' तीन फोन आले. एक तर हिंगणघाटहून. लोक म्हणाले, लय हसलो.

बुधवार, ६ जुलै

सुमित्राबाई एकट्याच आल्या. हर्षा कारंजा घाडग्याला मामाकडं गेली आहे, मामेबहिणीचा साखरपुडा आहे, रविवारी संध्याकाळी परत येईल. सुमित्राबाई म्हणाल्या, वर्ध्याच्या बसमध्ये एक पोरगी परीक्षेची तारीख बदलली असं कोणाला तरी सांगत होती. "मले नीट नाई समजलं भाऊ. पण जीव खालवर होऊन राह्यला."

मी त्यांच्यासमोर पान उघडून दाखवलं. सतरा तारीख. लाल पट्टी होतीच, ती मी वर सरकवून टाकली. बसमधल्या गप्पांवर सरकार चालत नाही, असं म्हणालो. त्या गेल्या. जाताना दारात दोनदा मागं वळून पाहिलं.

कोकिळा पडद्याआडून ऐकत होती. म्हणाली, "अहो, एकदा त्या जुन्या निळ्यात उघडून पाहा नं."

डोकं फिरलं माझं. अर्ध्या जिल्ह्याला सांगितलं निळा ई फेका, आता मीच तो उकरून काढू? थुंकलेलं चाटू? तिला म्हटलं, "तुले जे समजत नाही त्यात बोलू नको." तसं बोलायला नको होतं. पण बोललो. सुमित्राबाईंचा चेहरा दिवसभर डोळ्यांपुढून हलला नाही, हेही खरं.

शनिवार, ९ जुलै, संध्याकाळ

आजच्या आज लिहितो. नाही लिहिलं तर डोकं फुटेल.

दुपारी साडेबाराला जेवत होतो. लाइट गेलेली. कोकिळा समोर बसून गवारीच्या शेंगा मोडत होती, खाली पेपर अंथरलेला, माझाच लेख असलेला. मोडता मोडता तिचा हात थांबला. तिनं शेंगा बाजूला सारल्या, पेपरावर वाकली, आणि दोन्ही हातांची बोटं पाटावर ठेवून हलवायला लागली. मला वाटलं हिला झटका आला.

"अहो," ती म्हणाली, "हा र हाये."

"कुठाय र?"

"हा इंग्रजी जे. उजव्या हाताचं पहिलं बोट, मधली ओळ. इंग्रजी मशीनवर तिथं जे असते, मराठी मशीनवर तिथं र असते. म्या हजार पोरींचं बोट धरून ठेवलं त्या कळीवर. अन् हा एफ. डाव्या हाताचं पहिलं बोट. तिथं पहिली वेलांटी."

मी हसलो. खरंच हसलो, हे लिहून ठेवतो. ती हसली नाही. "पेन्सिल घ्या," म्हणाली. पंधरा वर्षांत तिनं मला असं फर्मावलं नव्हतं. हातातला घास ताटात परत टाकला. ती बोटं आपटत एकेक अक्षर सांगत गेली आणि मी पेपराच्या कडेला लिहीत गेलो. र. वि. वा. र. मग द, हा. मग जु, लै.

रविवार दहा जुलै.

पुन्हा वाचलं. "पुढं?"

"यं. त्र. स्व. तः. आ. णा. वे."

यंत्र स्वतः आणावे. कोणीतरी मराठीत सूचना टाईप केली होती. निळ्या ईत त्या कळांवर मराठी अक्षरांचा मुखवटा चढतो, कोल्ह्यात चढत नाही, उघड्या कळाच दिसतात. आणि मी ते भुताची भाषा म्हणून छापून आणलं होतं! रविवार दहा जुलै म्हणजे उद्या.

उठलो, हात न धुता पुढं धावलो. लाइट नाही, पण यूपीएसमध्ये दहा मिनिटं निघतात. संगणक चालू केला. लपवलेला निळा ई शोधून काढला. फोनची लाइन किर्र किर्र करत लागता लागेना. यूपीएस पीं पीं बोंबलायला लागलं. कोकिळा मागं उभी. पान उघडलं, वरची पट्टी एक क्षण तशीच दिसली आणि मग डोळ्यांदेखत मराठी झाली: पुरेसे संगणक उपलब्ध न झाल्याने टंकलेखन चाचणी यंत्रावर घेण्यात येईल. १७ जुलैऐवजी रविवार दहा जुलै, सकाळी नऊ. यंत्र स्वतः आणावे. पुढचं वाचायच्या आत पडदा काळा झाला.

हर्षा कारंज्याला. मामा रूपरावच्या घरी फोन नाही. हमरस्त्यावरच्या ढाब्याचा नंबर सुमित्राबाईंकडं होता. स्कूटर काढली, नाचणगाव गाठलं. त्यांना सगळं सांगितलं. शिव्या देतील असं वाटलं. दिल्या नाहीत. प्रवेशपत्र देवासमोर ठेवलेलं होतं, ते उचलून माझ्या हातात दिलं, चपला घातल्या आणि स्कूटरवर मागं बसल्या. त्यांनी काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

घरून ढाब्यावर फोन लावला. सातव्यांदा लागला. मागं ट्रकचे भोंगे. मी ओरडून सांगतोय, "हर्षा! रूपरावच्या घरची पाहुणी! उद्या सकाळी आठले नागपूरले पोहोच म्हणा! परीक्षा हाये!" प्रवेशपत्रावरचा पत्ता दोनदा सांगितला. तो म्हणाला, "अभी आदमी भेजता हूँ," आणि फोन कटला. त्यानंतर लागलाच नाही. माणूस गेला की नाही, हर्षा तिथं होती की नाही, देव जाणे.

मग आठवलं. यंत्र! कोकिळा काहीतरी म्हणत होती, "अहो, ऐका तं..." मी ऐकलं नाही. स्कूटर पुन्हा काढली.

कबाड्यानं मला पाहून तोंड फिरवलं. मी हात जोडले. "बावा, एक मशीन दे. मागशील ते घे." त्यानं मला मागच्या छपरीत नेलं. लोखंड वेगळं, रबर वेगळं. अक्षरांच्या दांड्या एका पोत्यात भरल्या होत्या. पोत्यात हात घातला तर बोटांना काळी शाई लागली. बाबांच्या मशीनांची शाई. महिनाभरापूर्वी मीच त्यांना डबे म्हटलं होतं. तिथंच बसून रडू आलं, लाज वाटली नाही. तो म्हणाला, "तोड़ दिए साहब. ग्यारह के ग्यारह. अब तो मानोगे, ग्यारह थे?"

घरी आलो. स्वयंपाकघराच्या ओट्यावर, कोकिळाच्या जुन्या लुगड्याचं शिवलेलं झाकण घालून एक वस्तू ठेवलेली. तिनं झाकण काढलं. सात नंबरचं मशीन. तेल दिलेलं, नवी रिबन, कळा पुसलेल्या. पिठाच्या डब्यामागं महिनाभर होतं ते. मी काही बोलायच्या आधीच ती म्हणाली, "जवसाची चटणी."

सुमित्राबाई पदर तोंडाला लावून हसल्या का रडल्या, मला कळलं नाही.

रविवार, १० जुलै, परतीच्या गाडीत

पहाटेच्या गाडीला मशीन पोत्यात घालून मी खांद्यावर घेतलं. पंधरा-सोळा किलो तरी असेल. कोकिळा म्हणाली, "हळू, गाडा हालते." गाडा म्हणजे मशीनचा वरचा सरकणारा भाग. गाडीत मशीन मांडीवर घेऊन बसलो, कोकिळानं त्यावर हात ठेवला होता, वर्धा गेलं, सिंदी गेलं, तिनं हात काढला नाही. सुमित्राबाई समोरच्या बाकावर बसल्या होत्या. हर्षा येईल का, हे विचारायची माझ्यात हिंमत नव्हती.

पावणेआठला परीक्षा केंद्राच्या फाटकाशी पोहोचलो. पोरीबाळी, बाप्ये, पोत्यांत मशीनं, ठेल्यांवर मशीनं, एकाच्या डोक्यावर मशीन. सव्वाआठ. साडेआठ. सुमित्राबाई रस्त्याकडं तोंड करून उभ्या, प्रवेशपत्र छातीशी धरलेलं. पावणेनऊला शिपाई ओरडला, "यंत्रासहित आत या!" कोकिळा मला म्हणाली, "मशीन उचला, दारापाशी नेऊन ठेवा. तेवढाच वेळ वाचन." मी उचललं.

नऊला सात मिनिटं असताना एक ट्रक फाटकापुढं थांबला. क्लीनरच्या जागेवरून हर्षा उतरली. साखरपुड्याचं हिरवं लुगडं, केसांत कालचा गजरा. पळत आली, आईच्या हातातून कागद घेतला, कोकिळाला म्हणाली, "मॅडम, सात नंबर?" कोकिळा म्हणाली, "सातच. मधली ओळ, बोटं सैल." आणि ती आत गेली. मशीन मी बाकावर ठेवून आलो. बाहेर येऊन भिंतीला टेकलो.

इथं संपलं असतं तर मी आज पेढे घेतले असते.

फाटकाशी एक पोरगी उभी होती, वीस-बावीसची. सोबत बाप. हातात प्रवेशपत्र, मशीन नाही. शिपायाला सांगत होती, मला कोणी सांगितलंच नाही हो. कोकिळा जवळ गेली. नाव मोहिनी, केळझरची. मावसभावाचा सेलूला कॅफे. तारीख बदलल्याचं काल संध्याकाळी शेजारणीनं सांगितलं, तिलाही मशीनचं माहीत नव्हतं.

"लाल पट्टी दिसत होती नं जी," पोरगी म्हणाली. "मी भावाले विचारलंही. पण पेपरातच आलतं, तो कचरा हाये म्हणून. दुर्लक्ष करा म्हणून."

बापानं खिशातून घडी केलेलं कात्रण काढलं. मला दाखवलं. "हे पाहा साहेब, छापून आलं. शिकलेला माणूस खोटं कायले लिहीन?"

माझा लेख. फोटो नव्हता. महिनाभर फोटोसाठी कुरकुरलो, आज संपादकाचे पाय धरावेसे वाटले. मी कात्रण वाचल्यासारखं केलं, घडी घातली, परत दिलं. "चहा घेता का?" असं विचारलं. एवढंच सुचलं मला. "तो माणूस मीच" हे तीन शब्द नाही निघाले. कोकिळा माझ्याकडं पाहत होती.

ती एकटीच पर्यवेक्षकाकडं गेली. म्हणाली, आमच्या पोरीची चाचणी झाली की हेच मशीन हिला देतो, दुसऱ्या तुकडीत बसवा. साहेब म्हणाले, बाई, तुकडी एकच आहे. कोकिळानं पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं. आतून साठ-सत्तर मशीनांची खटखट सुरू झाली. मोहिनी थोडा वेळ फाटकाची सळई धरून ऐकत उभी राहिली, मग बापलेक निघून गेले. चहा त्यांनी घेतला नाही.

हर्षा बाहेर आली. चांगलं गेलं म्हणाली. मला नमस्कार करायला वाकली, मी पाय मागं घेतले.

गुरुवार, १४ जुलै

तीन दिवस कॅफे उघडला नाही. कोकिळाला म्हटलं, बोल काही तरी, शिव्या दे. ती म्हणाली, "मले काई नाई बोलाचं. तुम्हाले लिहाची सवय हाये, तं लिहा."

लिहिलं. पानभर. चूक कोल्ह्याची नाही, निळ्या ईची नाही, माझी आहे. जे मला वाचता आलं नाही त्याला मी कचरा म्हटलं. माझ्या घरात एक बाई ते डोळे मिटून वाचत होती, तिला मी तुले समजत नाही म्हणालो. केळझरच्या एका मुलीची परीक्षा माझ्या लेखानं बुडवली. तिचं नाव लिहिलं नाही, माझं लिहिलं. कोकिळाला वाचायला दिलं. तिनं तीन शुद्धलेखनाच्या चुका काढल्या आणि सात नंबरवर टाईप करून दिलं.

रविवार, २४ जुलै

लेख आला. म्हणजे तीन ओळी आल्या, मूळव्याधीच्या जाहिरातीखाली: '३ जुलैच्या अंकातील लेखात अनवधानाने तपशिलाची चूक राहिली.' फोन केला तर संपादक म्हणाले, "अहो, कशाला अंगावर ओढून घेता? पुढच्या वेळी रंगीत मोबाइलवर लिहा, लोकांना तेच आवडतं." मी सदर बंद केलं. अनवधानानं म्हणे!

केळझरला जाऊन आलो. मंदिराखालच्या दुकानात चौकशी केली. घर सापडलं, कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, पोरीला पाहायला पाहुणे यायचे म्हणून सगळे मामाकडं गेलेत. कोकिळानं सांगितलं होतं, तिला म्हणा सात नंबर रिकामं असते, केव्हाही येजो. तेच लिहून चिठ्ठी दाराच्या फटीतून आत सरकवली.

शुक्रवार, १२ ऑगस्ट

रोज दुपारी लाइट गेली की कोकिळा मला सात नंबरवर बसवते. बेचाळिसाव्या वर्षी मधली ओळ. करंगळी ऐकत नाही. चुकलं की ती फूटपट्टीनं बोटावर हलकं मारते, पोरींना मारायची तशी.

आज निकाल लागला. हर्षा आणि सुमित्राबाई सकाळपासून येऊन बसल्या होत्या. सुमित्राबाई या वेळी खुर्चीवर बसल्या. पान उघडलं, कोल्ह्यातच. यादी सगळी त्या भुताच्या भाषेत. कोकिळा म्हणाली, "निळा उघडू नका. वाचा." मी बोट पडद्यावर ठेवून एकेक अक्षर लावत गेलो. बेचाळीस नावं. एकोणिसाव्या ओळीला डाव्या हाताचं पहिलं बोट आतल्या बाजूला सरकलं, तिथं ह असतो. मी अडखळत होतो तोवर मागून कोकिळानं हर्षाला मिठी मारली. तिनं आधीच वाचलं होतं. सुमित्राबाईंनी तिथल्या तिथं कीबोर्डला नमस्कार केला.

त्या गेल्यावर कोकिळा आत गेली. आज खरोखरच चटणी कुटण्याचा आवाज येतोय, जवस भाजल्याचा वासही आहे.

मी यादी बंद केली नव्हती. पुन्हा वरून सुरुवात केली, बेचाळीसच्या बेचाळीस ओळी, बोट ठेवून, सावकाश. eksfguh कसं दिसेल ते आधी मशीनवर पाहून ठेवलं होतं. ती परीक्षेला बसलीच नव्हती, नाव असायचं कारण नव्हतं, हे मला चांगलं माहीत होतं. तरी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. नव्हतं.